फुकटच्या अंदाजाची पट्टी



संध्याकाळी वैरणपाणी झाले, धारा काढून झाल्या, की घरातली चार माणसे ओसरीवर टेकतात. पूर्वी या वेळी रेडिओवर बाजारभाव आणि हवामान ऐकले जाई. आता घरातल्या तरण्या पोरांच्या हाती मोबाईल असतो आणि त्यावर कुठले ना कुठले अ‍ॅप साद घालत असते. आजचा सामना कोण जिंकणार? नाणेफेक कोणाची? उद्या सोने चढणार की उतरणार? अंदाज बरोबर सांगा आणि रोख बक्षीस न्या. एक पैसाही भरायचा नाही!

पोरगा म्हणतो, "आबा, पैसे तर जात नाहीत ना? मग बिघडले कुठे?"

त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला "मोबाईल वाईट" एवढेच उत्तर देऊन भागायचे नाही. तसे उत्तर दिले तर पोरगा मोबाईल घेऊन गोठ्यामागे जाऊन बसेल, एवढाच फरक पडेल. तेव्हा आपण आपल्या रीतीने बघू. बाजार समितीत माल घातला, की नुसता भाव ऐकून आपण घरी येतो का? नाही. पट्टी हातात घेतो. वजन किती लागले, तूट किती धरली, हमाली-तोलाई किती गेली, गाडीभाडे किती, आणि शेवटी हातात काय पडले, ते ओळीओळीने वाचतो. या फुकटच्या खेळाचीही आज तशीच पट्टी वाचू.

आपला अंदाज आणि त्यांचा अंदाज

अंदाजाचे म्हणाल, तर शेतकऱ्याइतके अंदाज दुसरे कोणी बांधत नाही. मृगाचा पाऊस झाला, पण ओल किती खोल गेली? वाफसा आला का? पेरावे की चार दिवस थांबावे? कापूस आज विकावा की संक्रांतीपर्यंत ठेवावा? आपले सगळे वर्षच अंदाजावर उभे असते.

पण आपल्या अंदाजामागे काम असते. आपण मूठभर माती दाबून बघतो, शेजाऱ्याला विचारतो, मागच्या चार सालांची आठवण काढतो. अंदाज चुकला तर दुबार पेरणी करतो, आणि जमला तर शेतात पीक उभे राहते. जगात दोन पोती धान्य वाढते.

एवढे करूनही अंदाज हा अंदाजच राहतो. आपल्या हवामान खात्याने मान्सूनचा पहिला अंदाज १८८६ साली दिला. त्यानंतर उपग्रह आले, रडार आले, मोठमोठी गणकयंत्रे आली. तरी एप्रिल महिन्यात खाते जेव्हा सांगते, की यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस पडेल, तेव्हा पुढे जोडून सांगते, की यात पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकेल. ज्यांचे आयुष्य अंदाजात गेले ते इतके जपून बोलतात. आणि मोबाईलवरचे अ‍ॅप आपल्या पोराला सांगते, "तू हुशार आहेस, तुला सगळे कळते, सांग बघू." स्तुती कोणाला आवडत नाही? पण दारात येऊन आपल्या बैलाची फार स्तुती करणारा माणूस बहुधा व्यापारीच असतो, हे आपण जाणतो.

बक्षिसाचा हिशेब

आता पट्टीची पहिली ओळ, म्हणजे बक्षीस.

समजा, एका अ‍ॅपने दहा प्रश्न दिले. प्रत्येकाचे उत्तर "होय" किंवा "नाही". दहाच्या दहा बरोबर येतील त्यांच्यात दहा हजार रुपये वाटायचे. ऐकायला सोपे वाटते. एका प्रश्नाचे उत्तर छापा-काटा करून दिले तर दोनात एकदा बरोबर येते. दोन्ही प्रश्न बरोबर येणे चारात एकदा. तिन्ही बरोबर येणे आठात एकदा. असे दुप्पट करत गेलात, तर दहाही बरोबर येण्याची वेळ १,०२४ मधून एकदा येते. रोज एक डाव खेळला, तरी सरासरीने पावणेतीन वर्षांहून अधिक काळात एकदा.

बरे, तो दिवस उगवला असे धरू. तुम्ही एकटेच थोडे खेळत होता? समजा, एक लाख माणसे खेळत होती. नुसत्या नशिबाने त्यातल्या सुमारे ९८ जणांची दहाही उत्तरे बरोबर येतील. दहा हजार रुपये ९८ जणांत वाटले, की वाट्याला येतात १०२ रुपये.

कोणी म्हणेल, "आम्ही छापा-काटा करत नाही. आम्हाला क्रिकेट कळते." चांगली गोष्ट आहे. समजा, तुमचे दहापैकी सात अंदाज बरोबर येतात. मग दहाही बरोबर येण्याची वेळ शंभर डावांत जवळजवळ तीनदा येईल. पण क्रिकेट काय तुम्हा एकट्यालाच कळते? प्रश्न तुम्हाला सोपा, तर तो दुसऱ्यालाही सोपाच. एक लाख खेळणारे सगळे तुमच्याइतकेच जाणकार निघाले, तर जिंकणारे सुमारे २,८०० होतील आणि प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन रुपये येतील. ज्या वर्षी सगळ्यांचाच कांदा चांगला पिकतो त्या वर्षी भावाचे काय होते, हे तुम्हाला सांगायला नको.

हे आकडे समजुतीसाठी मांडले आहेत. अ‍ॅपागणिक प्रश्न, बक्षीस आणि खेळणारे वेगळे असतील. पण हिशेबाची रीत बदलत नाही. प्रश्न अवघड असेल तर जिंकणे दुर्मिळ, आणि सोपा असेल तर वाटा चिमूटभर. २०१७ साली अमेरिकेत एचक्यू ट्रिव्हिया नावाचा फुकटचा प्रश्नांचा खेळ निघाला होता. ठरल्या वेळी लाखो लोक मोबाईल धरून बसत. बक्षिसाची रक्कम मोठी असे, पण जिंकणाऱ्यांत वाटली, की पुष्कळदा माणशी दोन-चार डॉलर हाती येत. पुढे काही वर्षांतच तो खेळ बंद पडला.

आता वेळेचा हिशेब. रोज वीस मिनिटे या खेळात गेली, तर वर्षाचे १२१ तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर पंधरा दिवस भरतात. पंधरा दिवसांची खुरपणी म्हणजे काय, हे भगिनींना विचारा. वर्षाला पंधरा दिवस राबून कोणी शे-दोनशे रुपये हातावर ठेवले, तर त्या मालकाकडे आपण पुन्हा कामाला जाऊ का?

मग पैसा देतो कोण?

पट्टीची दुसरी ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तुम्ही पैसा देत नाही, तर बक्षिसाचा पैसा येतो कुठून? फुकट वाटायला कोणी कंपनी काढत नाही. पैसा येण्याच्या वाटा तीन आहेत.

पहिली वाट जाहिरातीची. प्रत्येक प्रश्नाआधी आणि नंतर जाहिरात दाखवतात, आणि ती बघणाऱ्यांच्या संख्येवर कंपनीला पैसे मिळतात. ही वाट उघड आहे. रेडिओ आणि दूरदर्शनही जाहिरात घेतात. यात तुमचा वेळ जातो, पण फसवणूक नाही.

दुसरी वाट माहितीची. अ‍ॅप घेताना ते विचारते, तुमचे संपर्क पाहू का? निरोप वाचू का? तुम्ही कुठे आहात ते कळू दे का? पोरगा न वाचता "होय, होय" दाबत जातो. त्या दाबण्यासरशी तुमचा क्रमांक, सोयऱ्याधायऱ्यांचे क्रमांक, बँकेचे निरोपसुद्धा परक्याच्या हाती जाऊ शकतात. मग महिन्याभराने कर्ज देणाऱ्याचा, भरघोस नफा दाखवणाऱ्याचा फोन आला, की आपण म्हणतो, "याला माझा नंबर मिळाला कुठून?"

तिसरी वाट दाराची, आणि खरी मेख तिथेच आहे. फुकटचा खेळ हे पुढच्या, पैशाच्या खेळाचे दार असते. याचे नीट दिसणारे उदाहरण इंग्लंडातले आहे. तिथे परवाना घेऊन पैजा लावणे कायद्याने चालते. तिथे "सुपर सिक्स" नावाचा खेळ आहे. फुटबॉलच्या सहा सामन्यांत कोण किती गोल करील ते आधी सांगायचे. सहाही बरोबर आले, तर अडीच लाख पौंडांपर्यंतचे बक्षीस त्यात ठेवले गेले आहे. खेळायला एक पैसाही लागत नाही. हा खेळ चालवते कोण? स्काय बेट, म्हणजे पैजा घेण्याचाच धंदा करणारी कंपनी. एका सामन्याचे गोल दहात एकदा बरोबर सांगता येतात असे धरले, तरी सहाही जमणे दहा लाखांत एकदा. म्हणजे बक्षीस क्वचितच द्यावे लागते, पण दर आठवड्याला लाखो माणसे आपणहून दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात. त्यातली काही आत शिरतात. पायरीवर बसायला पैसे लागत नाहीत, हे खरे आहे. पण दुकान त्या पायरीच्या जिवावर चालते, हेही तितकेच खरे आहे.

वाट जुनीच आहे

मोबाईल नवा आहे, पण ही हौस नवी नाही. गेल्या शतकाच्याही आधी कलकत्त्याच्या बडा बाजारात पावसावर पैजा लागत. ठरावीक वेळेत पाऊस इतका पडेल का, की गच्चीवरची पन्हळ वाहू लागेल? यावर व्यापारी पैसे लावत. बघताबघता हमाल आणि नोकरही लावू लागले, आणि १८९७ साली बंगालमध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. ज्या पावसाकडे शेतकरी हात जोडून बघतो, त्याच पावसावर गच्चीत बसून हार-जीत चालली होती.

आपल्या मुंबईतला मटकाही कापसातून निघाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती उघडला आणि किती बंद झाला याचे आकडे तारेने मुंबईला येत, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६१ च्या सुमारास ते आकडे येणे थांबले. धंदा तेवढ्यावर थांबायला हवा होता, कारण कापूसच राहिला नव्हता. पण लोकांना आकड्याची सवय लागली होती. मग माठात चिठ्ठ्या टाकून आकडा काढू लागले आणि "मटका" हे नाव पडले. पुढे तो आकडा गिरणगावातून निघून तालुक्याच्या टपऱ्यांवर आणि गावच्या एस. टी. थांब्यापर्यंत पोचला. ज्याने कापूस पिकवला त्याला त्या आकड्यातून काही मिळाले नाही. उलट काहींचे कापसाचे आलेले पैसे मात्र त्यात गेले.

यातून एवढेच घ्यायचे. सुरुवातीला अंदाजाला काहीतरी आधार असतो, मग तो पाऊस असो, कापूस असो की क्रिकेट. सवय लागली, की आधार गळून पडतो आणि नुसता आकडा उरतो.

सरकारचेही याकडे लक्ष पूर्वीपासून आहे. पन्नासच्या दशकात शब्दकोड्यांच्या स्पर्धांना ऊत आला होता. कूपन भरा, थोडी फी पाठवा, हजारो रुपये मिळवा. तेव्हा १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा झाला आणि महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांच्या अशा स्पर्धांना बंदी आली. स्पर्धा चालवणारे सर्वोच्च न्यायालयात गेले. हा आमचा व्यापार आहे, असे त्यांचे म्हणणे. १९५७ साली न्यायालयाने निकाल दिला, की जुगाराला व्यापार म्हणून घटनेचे संरक्षण मिळणार नाही.

नवा कायदा काय म्हणतो

अलीकडची गोष्ट २०२५ सालची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाईन खेळांविषयी कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. पैशाच्या ऑनलाईन खेळांत सुमारे ४५ कोटी लोकांचे वर्षाला २० हजार कोटी रुपये जातात, असा अंदाज सरकारकडून त्या वेळी सांगण्यात आला. कायद्याचे सार असे. फी भरून, पैसे जमा करून किंवा पैसे लावून, जिंकण्याच्या आशेने जो ऑनलाईन खेळ खेळला जातो, त्याला मनाई. तो कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा वाद त्यात ठेवलेला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, त्याला नाडला गेलेला मानले आहे.

त्या ऑगस्ट महिन्यातच ड्रीम इलेव्हनने पैसे भरून खेळायच्या स्पर्धा बंद केल्या आणि फुकटच्या खेळाकडे मोर्चा वळवला. "होय की नाही" अशा प्रश्नांवर पैसे लावून घेणाऱ्या प्रोबोनेही तो व्यवहार थांबवला. अशा होय-नाहीच्या व्यवहारांत गुंतवणूकदाराला कसलेही संरक्षण नाही, असा इशारा शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने त्याआधी, एप्रिल २०२५ मध्येच दिला होता.

म्हणून हल्ली "फुकट" हा शब्द जास्त ऐकू येतो. खरोखर फुकट असलेला खेळ, जिथे कुठल्याच पायरीवर पैसा भरायचा नाही, तो पैशाच्या खेळांत मोडत नाही. तो खेळला म्हणून पोराने गुन्हा केला असे नाही. हे घरच्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे. पण या एका शब्दाच्या आडोशाने दुसरेच लोक शिरले आहेत. तेवढे ओळखता आले पाहिजे.

फुकट कुठे संपते

खालच्या खुणा दिसल्या, की समजावे, फुकटपणा संपला आणि कोणीतरी खिशात हात घालत आहे.

एक : जिंकलेली रक्कम दाखवतात, पण "आधी इतके रुपये भरा, मग सोडतो" म्हणतात. कधी त्याला फी म्हणतात, कधी कर म्हणतात. लक्षात ठेवा, ऑनलाईन खेळात जिंकलेल्या पैशावर तीस टक्के कर आहे हे खरे, पण रोख बक्षिसावरचा कर बक्षिसातूनच कापला जातो. कोणा अनोळखी माणसाच्या खात्यावर आपण तो भरायचा नसतो.

दोन : पैसे घेण्यासाठी पिन टाका म्हणतात. मोबाईलवरून पैसे पाठवताना पिन लागतो, पैसे येताना कधीच लागत नाही. दुकानदार गल्ल्यात पैसे टाकायला आपली किल्ली मागतो का? तसेच हे आहे. बँकेकडून आलेला ओटीपीही कोणाला सांगायचा नसतो.

तीन : अ‍ॅप मोबाईलच्या नेहमीच्या दुकानातून न घेता व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेलिग्रामवर आलेल्या दुव्यावरून उतरवायला सांगतात. असली फाईल उघडूच नये. ती मोबाईलचा ताबा परक्याकडे देऊ शकते.

चार : "पाच मैत्रिणींना पाठवा, मग नाणी मिळतील." बचत गटाच्या भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. गटात आपल्या शब्दाला मान असतो. आपण पाठवले म्हणून दुसरी विश्वासाने उघडते. आपले नाणे मिळेल न मिळेल, तिचे खाते मात्र रिकामे व्हायला नको.

पाच : पहिली नव्वद नाणी दोन दिवसांत मिळतात, शंभर झाल्याखेरीज पैसे काढता येत नाहीत, आणि शेवटची दहा काही केल्या पुरी होत नाहीत. मग म्हणतात, "वीस रुपये भरा, लगेच पुरी करतो." ही वीस रुपयांची पायरी सगळ्यांत घातक. आजवर गेलेल्या वेळेपायी माणूस ते भरतो, आणि एकदा भरायला हात शिकला, की वीसाचे दोनशे व्हायला वेळ लागत नाही.

सहा : "तुमचे बँकखाते आम्हाला काही दिवस वापरू द्या, महिन्याला इतके देतो." हा तर सरळ सापळा. फसवणुकीचे पैसे अशा खात्यांतून फिरवले जातात. पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात, आणि पीकविम्याचे, अनुदानाचे पैसे येणारे खाते गोठून बसते.

एवढे सांभाळूनही कोणी फसलाच, तर लाज बाळगून गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीचा सरकारी क्रमांक आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जाण्याआधी तक्रार पोचली, तर तो अडवता येण्याची आशा असते. म्हणून सकाळची वाट पाहू नये. त्याबरोबर बँकेलाही कळवावे आणि आलेले निरोप पुसू नयेत. तोच पुरावा असतो.

घरात काय करावे

आता खरे जोखीम कुठे आहे ते बोलू. शहरातल्या नोकरदाराच्या खात्यात दर महिन्याला थोडाथोडा पगार येतो. आपल्याकडे तसे नसते. पीककर्ज उचलले, की ते एकदम खात्यात येते. कापूस-सोयाबीन विकले, की वर्षाची कमाई एकदम येते. बियाणे, खत, फवारणी, लेकीचे बाळंतपण, पोराची फी, सगळे त्यातच. आणि ते खाते ज्या मोबाईलला जोडलेले असते तो मोबाईल बहुधा घरातल्या शिकलेल्या पोराच्या हातात असतो, कारण आबांना त्यातले कळत नाही. त्याच मोबाईलवर हा खेळ चालतो. म्हणजे धान्याच्या कणगीशेजारीच उंदराचे बीळ. उंदीर आज लहान आहे म्हणून कणगी उघडी ठेवायची का?

तेव्हा पहिले काम हे करावे. पेरणीचा आणि पीककर्जाचा पैसा ज्या खात्यात आहे ते खाते खेळाच्या मोबाईलला जोडलेले ठेवू नये. रोजच्या खर्चाला वेगळे लहान खाते ठेवावे आणि त्यात हजार-दोन हजारांहून अधिक पैसे असू नयेत. मोठ्या खात्याच्या मोबाईल व्यवहाराला बँकेत सांगून किंवा अ‍ॅपमध्ये मर्यादा घालून घेता येते. आणि खात्याचा पिन आबांना स्वतःला ठाऊक असावा. पोराने शिकवावा, आबांनी शिकावा. यात कमीपणा नाही.

दुसरे, महिन्यातून एकदा खात्याचा उतारा घरात सगळ्यांदेखत वाचावा. चोरी पकडण्यासाठी नव्हे. गायीचे दूध किती गेले, डेअरीचे पैसे किती आले, हे जसे आपण बोलतो, तसेच हेही बोलावे. जिथे हिशेब मोकळेपणी बोलला जातो तिथे वीस रुपये गेले, तर ते विसालाच कळतात. नाही तर कळते तेव्हा वीस हजार झालेले असतात.

तिसरे, पोरावर ओरडू नये. लेकरू खेळात का रमते ते बघावे. शिक्षण झाले, नोकरी नाही, शेतात मन लागत नाही. दिवसभरात "शाबास" म्हणणारा कोणी भेटत नाही. मोबाईल मात्र दर प्रश्नाला शाबास म्हणतो. तो शब्द घरातून मिळू लागला, तर मोबाईलची गरज थोडी तरी कमी होईल. आणि पैसे गेलेच असतील, तर आधी ऐकून घ्यावे, मग बोलावे. भीतीपोटी लपवलेले कर्ज उघड्या कर्जापेक्षा अधिक बुडवते. गावात खासगी सावकाराकडून टक्केवारीने घेतलेला पैसा असेल, तर तो आकडा लवकर कळलेला बरा.

आणि ज्याला अंदाजाची हौसच आहे त्याच्यासाठी एक घरगुती खेळ सुचवतो. यात अ‍ॅप नको, पैसा नको. एक शंभर पानी वही घ्या. रोज संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाने एक अंदाज लिहायचा. उद्या पाऊस येईल की नाही? सोमवारी बाजार समितीत सोयाबीनचा भाव आजच्यापेक्षा वर असेल की खाली? गाय या आठवड्यात वेईल की पुढच्या? अंदाजासमोर कारणही लिहायचे. दुसऱ्या दिवशी बरोबर-चूक मांडायचे. महिन्याने बेरीज करायची. तीस दिवसांत कोणाचे किती बरोबर आले ते सगळ्यांपुढे वाचायचे.

यातून दोन गोष्टी होतील. पहिली, स्वतःला जाणकार समजणाऱ्याचे तीसपैकी किती बरोबर येतात ते त्याच्याच अक्षरात दिसेल. पैसे लावण्याआधी कळलेला हा हिशेब फार स्वस्त पडतो. दुसरी, पावसाची आणि भावाची नोंद घरात तयार होईल. पुढल्या साली माल केव्हा विकावा याचा विचार करताना ती वही कामाला येईल. बक्षीस म्हणाल, तर महिन्यात ज्याचे अंदाज सर्वांत जास्त बरोबर आले त्याच्या आवडीचा बेत घरात व्हावा. हे बक्षीस वाटून कमी होत नाही.

या आठवड्यात एवढे एक करा. जेवणे झाल्यावर पोराला जवळ बसवा, त्याच्या मोबाईलवरचा तो खेळ त्याच्याकडूनच समजून घ्या, आणि वर सांगितलेली पट्टी दोघांनी मिळून मांडा. किती दिवस खेळला, किती वेळ गेला, हातात किती पडले, कोणकोणती परवानगी दिली. आकडे त्यानेच लिहावेत. बेरीजही त्यालाच करू द्या.

पुढच्या अंकी भेटू. रामराम.